खुंटीवरचं नवं जॅकेट

१

चोरी कळली ती हाताला. रोज सकाळी दुकानाचं कुलूप काढलं की दिवा लावण्याच्याही आधी बुरुल गल्ल्यामागच्या खुंटीपाशी जायची आणि तिथे टांगलेल्या जॅकेटच्या बाहीवरून एकदा हात फिरवायची. त्या सकाळी बाही हातातून सुळकन निसटली. जुन्या कापडाची पकड तिला नव्हती. कोपरावरचं ठिगळही नव्हतं. तिने दिवा लावला. खुंटीवर जॅकेट होतं. तसंच तपकिरी, पिसं भरलेलं, त्याच मापाचं, त्याच घडणीचं. फक्त ते कोरं करकरीत होतं.

जुनं जॅकेट तिच्या वडिलांचं, सारिबेक अतांचं होतं. दुकानही त्यांचंच. काराकोलच्या बाजाराच्या तोंडाशी, डोंगरात जाणाऱ्यांना लागणारे बूट, जॅकेटं, तंबू विकणारं. अशा दुकानात विकणं सोपं असतं. विकलेलं परत येतं तेव्हा खरी परीक्षा. लोक बर्फावरून बूट फिरवून आणत आणि घालूनच पाहिले नाहीत अशी शपथ घेत. तळव्यातून घोड्याची लीद मात्र खाली पडत राही. सारिबेक अता लिदीकडे बघत नसत. समोर कुणीही, काहीही घेऊन उभा राहिला तरी त्यांचं एकच वाक्य असे: बसा. चहा घ्या. बदल्यात काय देऊ?

गेल्या हिवाळ्यात ते गेले. भरपूर जगून, स्वतःच्या अंथरुणात, कुणाला त्रास न देता. असं मरण आलेल्या माणसाच्या कपड्यांना मागणी फार. अंघोळ घालणाऱ्यांनी रीतीप्रमाणे अंगरखे नेले, शेजाऱ्यांनी टोप्या नेल्या, एका म्हातारीने तर आपल्यालाही तेवढं आयुष्य मिळावं म्हणून पायमोजे मागून नेले. बुरुलने सगळं दिलं. एवढं जॅकेट दिलं नाही. ते खुंटीला टांगलं आणि दुकानातल्या दोघांना सांगितलं की याला कुणी हात लावायचा नाही.

ते दोघे थोड्या वेळाने आले. झोल्दोश हा विक्रेता. उंच, किडकिडीत, अतिशय नम्र; बुरुलला 'एजे', म्हणजे ताई, म्हणणारा. गिऱ्हाईक हा पाहुणा आहे अशी त्याची श्रद्धा असल्यामुळे तो चहा पुष्कळ पाजायचा आणि माल कमी विकायचा. रईसा फ्योदोरोव्ना कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर दुरुस्तीची कामं करायच्या. चष्मा कपाळावर ठेवून त्या सुईत दोरा ओवत, आणि तो ओवला जाई.

झोल्दोशने खुंटीकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे चोर आला, एजे, जुनं घेऊन गेला आणि नवं ठेवून गेला," तो म्हणाला. "असा चोर अधूनमधून आला तर आपलं दुकान बरं चालेल."

बुरुल हसली नाही तेव्हा तो चहा टाकायला गेला.

कुलूप शाबूत होतं, खिडक्याही. काल सकाळी तिने बाहीवरून हात फिरवला होता, तेव्हा ठिगळ जागेवर होतं. दुपारनंतर ती दुकानात नव्हती. दफनभूमीत गेली होती. म्हणजे हात मारला गेला तो दिवसाढवळ्या, दुकान उघडं असताना. गल्ल्यामागे येऊन गेलेल्यांपैकीच कुणीतरी. आणि गल्ल्यामागे काल चौघेच जण आले होते.

त्यातले दोघे आत्ता तिच्यासमोर चहात जॅम ढवळत होते.

२

आधी झोल्दोश. त्याच्याविरुद्ध पुरावा असा की मेलेल्या माणसाचं वस्त्र असं लटकवून ठेवू नये, वर्ष फिरायच्या आत कुणाच्या तरी अंगावर गेलं पाहिजे, हे त्याने वर्षभर तिला ऐकवलं होतं. कधी वाऱ्याशी बोलल्यासारखं, कधी रईसा फ्योदोरोव्नांशी बोलल्यासारखं. बुरुलने त्याला सरळच विचारलं. तो दुखावला. चोरी करायचीच असती तर मी आधी तुमची परवानगी घेतली असती, असं तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून तिला ते पटलं.

मग तो कालची हकिकत सांगू लागला. उरलेले दोघे त्यातच होते.

पहिला लुबोश. हा चेक गिर्यारोहक आठवडाभर गावात होता आणि मोडकं रशियन बोलत होता. काल तो तक्रार घेऊन आला ती अंगात घालूनच. त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापाशी अडकली होती. वर जाईना, खाली येईना. रात्री तसाच झोपलो, असं त्याचं म्हणणं. झोल्दोशने त्याला गल्ल्यामागे रईसा फ्योदोरोव्नांकडे नेलं आणि त्यांनी साबण आणि पक्कड वापरून त्याची सुटका केली. मोकळं झाल्या झाल्या त्याची नजर खुंटीवर गेली आणि ते जुनं जॅकेट विकत द्या म्हणून तो मागे लागला. नवं नको, हेच हवं. झोल्दोश पाहुण्याला कधी नाही म्हणत नसल्यामुळे त्याने बघू या असं सांगितलं होतं. हे सांगताना त्याने मान खाली घातली.

दुसरे एसेनकुल आवा; वडीलधाऱ्याला इथे आवा म्हणतात. नाव ऐकताच बुरुलने कप खाली ठेवला.

पाहुण्यांना घोड्यावरून खिंडी दाखवणारा हा वाटाड्या म्हणजे दुकानाच्या आयुष्यातलं सर्वांत वाईट गिऱ्हाईक. त्याने तंबू परत केला, कारण तो गळत होता. गळत होता कारण त्याने त्यातून चुलीचं धुराडं बाहेर काढलं होतं. हातमोजे परत केले, कारण त्यांत हात गरम होतात आणि लगाम जाणवत नाही. एकदा शिट्टी परत केली; ती वाजवली की घोडा पळून जातो म्हणून. दर वेळी तो गल्ल्यावर कोपर टेकून, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात तक्रार सांगे, आणि सारिबेक अता चहा ओतत ऐकत राहत. बाहेर खांबाला त्याचा उंच शिकारी कुत्रा बांधलेला असे, शेपटीचं टोक बांगडीसारखं वळलेलं. तो सगळ्यांशी बरा वागायचा आणि झोल्दोशवर गुरगुरायचा.

"काल काय परत केलं त्यांनी?" बुरुलने विचारलं.

"तेच तर," झोल्दोश म्हणाला. "काही नाही. भलीमोठी सॅक घेऊन आले, पडद्यामागे विजार घालून पाहिली, मला वर माळ्यावरून दुसरं माप आणायला पाठवलं, आणि विकत घेतली. चहा प्याले. आभार मानले. एजे, मी घाबरलो. वाटलं, माणूस आजारी आहे."

त्यांचे दुरुस्तीला टाकलेले बूट संध्याकाळी घरी पोचवतो, असंही झोल्दोश म्हणाला होता. त्यावर एसेनकुल आवांनी घाईघाईने सांगितलं, नको, सध्या आमच्या घरी कुणी यायचं नाही.

पडदा खुंटीला लागूनच होता. लुबोश बसला होता ती खुर्चीही. आणि रईसा फ्योदोरोव्ना तर दिवसभर खुंटीखालीच बसत, तिच्याकडे पाठ करून. बुरुलने नवं जॅकेट खाली काढलं आणि नाकाशी नेलं.

दुकानातल्या कुठल्याच कपड्याला येत नव्हता असा वास त्याला येत होता.

३

कडू दवण्याचा वास. कसर लागू नये म्हणून लोक घरातल्या पेटीत दवण्याच्या काड्या टाकतात तो. कापडावर घड्यांच्या रेघा होत्या, इतक्या खोल की हाताने पुसल्या जाईनात. दुकानातली जॅकेटं हँगरला लटकत. घडी घालून पिसं दाबून ठेवायची छाती कुणा दुकानदाराला होणार नाही. म्हणजे हे जॅकेट नवं होतं खरं, पण कुणाच्या तरी पेटीत तळाशी राहून म्हातारं झालेलं नवं.

रईसा फ्योदोरोव्नांनी ते हातात घेतलं, चष्मा चक्क डोळ्यांवर आणला. त्यांच्याविरुद्धही पुरावा होता: ते जुनं लक्तर एकदा उसवून नीट करू दे, म्हणून त्या किती दिवस मागे लागल्या होत्या. पण चोरीविषयी विचारताच त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत, उलट बुरुललाच फटकारलं.

"मी नेलं असतं तर ठिगळ बदलून परत टांगलं असतं. तुला कळलंही नसतं," त्या म्हणाल्या. "हे गळ्याचं बटण बघ. असं पितळी बटण बनवणाऱ्यांनी पुढे बंद केलं. या बटणाची दोनच जॅकेटं आली होती आपल्याकडे. एक तुझ्या वडिलांनी घातलं."

"आणि दुसरं?"

"दुसरं देऊन एका माणसाचं तोंड बंद केलं म्हणाले."

कुणाचं, ते त्यांनी विचारलं नव्हतं. मी कपड्यांची तोंडं शिवते, माणसांची नाही, असं म्हणून त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

बुरुल खुर्चीत बसली. दिलेलं जॅकेट, म्हणजे भेट. आणि भेटीच्या कपड्यांचं या गावात काय होतं ते तिला ठाऊक होतं. लग्नात व्याह्याला दिलेला कोट व्याही पेटीत ठेवतो आणि दुसऱ्या लग्नात आपल्या व्याह्याला देतो. कोट अंगात न घालताच अर्धा जिल्हा फिरून येतो. एकदा तर तिच्या आईला तिनेच दिलेली शाल परत मिळाली होती. तेव्हा हे जॅकेट आता कुणाच्या पेटीतून निघालं असेल ते सांगायला ज्योतिषी लागला असता.

आणि हे सगळं कळूनही मुख्य गोष्ट कळत नव्हती. कोरं जॅकेट देऊन ठिगळाचं नेणारा माणूस त्याचं करणार काय? लुबोशला ते घालायचं असेल. पण लुबोशकडे दवण्याची पेटी कुठून येणार?

तिला जॅकेट परत हवं होतं. कारण विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं. कॉलरच्या आतल्या बाजूला अजून वडिलांचा वास होता, थोडासा, आणि तो रोज कमी होत होता, एवढंच.

दारावरची घंटा वाजली. लुबोश आत आला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि गंभीरपणे विचारलं, "तुमच्याकडे कुत्र्यांचे कपडे मिळतात का?"

४

झोल्दोशने पाहुण्याला नाही म्हटलं नाही. आत्ता शिल्लक नाहीत, पण लहान मुलांच्या मापात एखादा पीस बघता येईल, कुत्रा साधारण केवढा आहे, असं तो अदबीने विचारू लागला. रईसा फ्योदोरोव्ना मशीनकडे तोंड करून हसत होत्या. आपला कुत्रा घरी आहे, प्रागला, असं लुबोश म्हणाला. पण आज सकाळी बाजारात त्याने एक कुत्रा पाहिला होता आणि तसाच सदरा आपल्या कुत्र्याला न्यावा असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तुमच्या गावात थंडीची फारच काळजी घेतात, असंही त्याने कौतुकाने जोडलं. मग फोन काढून फोटो दाखवला.

सफरचंदांच्या ढिगांमधून एक कुत्रा उधळला होता. फोटो हललेला होता. तोंड दिसत नव्हतं. मानेला छोटासा सदरा बांधलेला होता, चौकडीच्या कापडाचा, हिरवा आणि किरमिजी. मागून एक म्हातारी, एका हाताने डोक्यावरचा रुमाल सावरत, दुसरा हात पुढे करून धावत होती. सदऱ्याच्या पाठीवर एक तपकिरी तिकोनी डाग होता.

तो डाग बुरुलला ओळखीचा होता. आई गेल्यावर वडील स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री करू लागले, आणि पहिल्याच दिवशी चौकडीच्या शर्टावर इस्त्री ठेवून दारावर आलेल्या कुणाशी तरी बोलत उभे राहिले. जळका शर्ट त्यांनी टाकला नाही. रईसा फ्योदोरोव्नांकडून तो जॅकेटला आतून अस्तर म्हणून लावून घेतला. पाठीला ऊब येते म्हणायचे.

रईसा फ्योदोरोव्नाही हसायच्या थांबल्या होत्या. आपण शिवलेलं कापड त्यांना लांबूनही कळे.

"फाडलं," त्या म्हणाल्या. "आणि कुत्र्याला घातलं. हे कुठलं माणूस, बुरुल?"

बुरुलला राग आला. इतका, की तो तिला बरा वाटला. वर्षभरात तिला सरळ साधा राग आला नव्हता. तिने फोटो मोठा केला. सदरा घाईने शिवलेला. खालची कड दुमडलेली नाही, शिलाई उलटी, सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला. काय हा शिंपी, असं रईसा फ्योदोरोव्ना पुटपुटल्या.

झोल्दोश मात्र तिच्या खांद्यावरून बघत होता. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज घरात कुणी झोपलेलं असावं तसा होता.

"एजे," तो म्हणाला, "हे कुत्र्यासाठी शिवलेलं नाही."

५

एसेनकुल आवांच्या फाटकाशी बुरुल दुपारी पोचली. नवं जॅकेट तिच्या काखेत होतं. अंगणात बांगडीच्या शेपटीचा कुत्रा उन्हात पडला होता. आता त्याच्या अंगावर काही नव्हतं. फाटक बोटभर उघडलं आणि त्यात एसेनकुल आवांचा एक डोळा दिसला.

"घरी कुणी नाही," डोळा म्हणाला.

"तुम्ही आहात ना. मी इथूनच बोलते."

आणि ती बोलली. नव्या बाळाचं पहिलं झबलं दीर्घ आयुष्य भोगून गेलेल्या माणसाच्या कपड्याचं करतात. त्याला कड शिवत नाहीत, शिवणी बाळाला टोचू नयेत म्हणून बाहेर ठेवतात. ते आधी कुत्र्याला घालतात, म्हणजे बाळाचं जे वाईट व्हायचं ते कुत्र्यावर जावं आणि बाळ कुत्र्यासारखं चिवट व्हावं. तुमचा कुत्रा झबलं घेऊन बाजारात पळाला आणि तुमच्या बायकोला त्याच्यामागे धावावं लागलं, हे मात्र रीतीत नव्हतं. चाळीस दिवस बाळाची वाच्यता करत नाहीत, म्हणून तुमच्या घरी कुणी यायचं नाही. काल तक्रार केली नाहीत, कारण घरात बाळ आलेलं असताना तोंडातून वाकडा शब्द काढायची तुम्हाला भीती वाटली. आणि हे जॅकेट माझ्या वडिलांनी ज्याचं तोंड बंद करायला दिलं, तसं तोंड गावात एकच आहे.

फाटकाची कडी वाजली.

"बंद झालं नाही ते," एसेनकुल आवा म्हणाले आणि फाटक उघडलं.

ते पायरीवर बसले. बूट, तंबू, शिट्टी, सगळं परत केलं, तेव्हा एक दिवस सारिबेकने हे जॅकेट माझ्या खांद्यावर टाकलं, असं त्यांनी सांगितलं. म्हणाला, हे तू विकत घेतलेलं नाहीस, तेव्हा परतही करता येणार नाही. घालायचा धीर झाला नाही. पेटीत ठेवलं. व्याही आले, लग्नं झाली, बायको म्हणाली देऊन टाक, दिलं नाही.

"माझ्याकडे का मागितलं नाही?" बुरुलने विचारलं. हाच प्रश्न ती वाटभर घोळवत आली होती.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या सुनेची, केरेजची, आधीची दोन बाळं जगली नव्हती. हे तिसरं. दाई म्हणाली, कापड चांगल्या माणसाचं बघा.

"एकदा सकाळी लवकर आलो होतो बूट टाकायला," ते म्हणाले. "काचेतून तुला बाहीवरून हात फिरवताना पाहिलं. परत गेलो. ती वस्तू मागायची नसते, पोरी. तू नाही म्हणाली असतीस तर तो नकार बाळाच्या नशिबी लागला असता. हो म्हणाली असतीस तर तुझ्याकडे काय उरलं असतं? म्हटलं चोरावी. चोरीत निदान तुला माझ्यावर चिडता तरी येईल. आणि बदल्यात काहीतरी ठेवावं. सारिबेकच्या दुकानातून बदल्याशिवाय काही हलवायचं नाही."

घरातून म्हातारीचा आवाज आला, की तिला बाहेर का बसवलंय, आत बोलवा. एसेनकुल आवा दबक्या आवाजात चाळीस दिवसांचं काहीतरी म्हणाले. त्यावर आतून उत्तर आलं की ज्याचं कापड बाळाच्या अंगावर आहे त्याची मुलगी परकी कशी, आणि कुत्रा सांभाळता आला नाही त्याने रीती शिकवू नयेत.

खोली गरम होती. केरेजने बाळ तिच्या हातात दिलं. बाळ अगदीच लहान होतं, सुरकुतलेलं, कपाळाला आठ्या घातलेलं. आत्ताच काहीतरी परत करायला आल्यासारखं. चौकडीचं झबलं त्याला गुडघ्यांच्या खाली येत होतं. बुरुलचा तळहात त्याच्या पाठीवर होता, बरोबर इस्त्रीच्या डागावर, आणि हाताखाली ते भराभर श्वास घेत होतं. तिने वाकून झबल्याचा वास घेतला. वडिलांचा वास आता त्यात नव्हता. दुधाचा होता, आणि थोडा कुत्र्याचा.

एसेनकुल आवा दारात उभे होते. हातात जुन्या जॅकेटची घडी होती, अस्तर नसलेली, ठिगळ वर केलेली.

"हे घेऊन जा," ते म्हणाले. "आणि झबलंही... चाळीस दिवसांनी धुऊन परत देईन. मी परत करतो, तुला माहीत आहे."

तिने बाळ केरेजकडे दिलं. जुनं जॅकेट घेतलं, नवं त्यांच्या खांद्यावर टाकलं.

"ते मात्र परत घेतलं जाणार नाही," ती म्हणाली. दुकान सुरू झाल्यापासून गिऱ्हाइकाला असं कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना म्हातारीने भाकरीचा तुकडा पुढे केला. तो चाखल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. बुरुल जुनं जॅकेट घालून चालत परत आली. पाठीला गार लागत होतं. तिने चेन वर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात शिरल्यावर तिने आधी दिवा लावला. मग बाहीवरून हात फिरवला. ठिगळ जागेवर होतं. रईसा फ्योदोरोव्नांनी आल्या आल्या जॅकेट उलटं करून पाहिलं आणि पाठीला कुठलं कापड लावायचं ते विचारलं. बुरुलने आपला जुना निळा स्कर्ट आणून देते म्हणून सांगितलं.

तेवढ्यात बाहेर खांबापाशी गुरगुर ऐकू आली आणि झोल्दोश गल्ल्यामागे सरकला. दारात एसेनकुल आवा उभे होते. अंगात पितळी बटणाचं नवं जॅकेट, घड्यांच्या रेघांसकट. ते गल्ल्यापाशी आले, कोपर टेकलं, घसा साफ केला.

"हे पोटावर आवळतं," ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "बाह्या आखूड. वर दवण्याचा वास. असला माल ठेवता?"

झोल्दोशचा चेहरा उजळला. तो चहा टाकायला धावला.

"बसा, आवा," बुरुल म्हणाली. "चहा घ्या. बदल्यात काय देऊ?"

एसेनकुल आवांनी यावर खूप वेळ विचार केला. किटली पुन्हा भरून ठेवावी लागली.